टॉवेलाखालचा आकडा

"बाई, जरा हात द्या बघू इकडं," आप्पा म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर पसरला.

डॉ. वैशंपायन बाईंना वाटलं, म्हातारबुवांना नाडी दाखवायची आहे. त्यांनी आप्पांचं मनगट धरायला हात पुढे केला. आप्पांनी आपला हात मागे घेतला.

"माझी नाडी ऱ्हाऊ दे. तुमचा हात टॉवेलाखाली घाला."

केबिनमध्ये पेशंटच्या बाजूला खुर्च्या तीन होत्या. आप्पा, आई आणि माझा थोरला भाऊ शीतल यांनी त्या व्यापल्या होत्या. मी धाकटा, मला जागा उरली ती वजनकाट्यावर. तिथं उभा राहून मी सगळं पाहत होतो आणि पायाखालचा काटा माझ्याबद्दल नको ती माहिती देत होता. टॉवेल पसरलेला पाहून शीतल खुर्चीत ताठ झाला. कोल्हापूरच्या गूळ बाजारात वाढलेल्या माणसाला टॉवेल पसरल्यावर पुढं काय होतं ते ठाऊक असतं. पुण्यात शिकून आलेल्या कॅन्सरच्या डॉक्टरला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

आप्पा, म्हणजे नेमगोंडा मगदूम, गुळाचे अडते. शेतकऱ्यानं आणलेल्या ढेपा दुकानात लावून घ्यायच्या, खरेदीदाराला दाखवायच्या, दोघांचा सौदा जमवायचा आणि मधल्या मध्ये आपली अडत काढायची, हा त्यांचा धंदा. पुढं बोली उघड झाली, पण आप्पांच्या उमेदीत भाव टॉवेलाखाली ठरायचा. दोन माणसं समोरासमोर उभी राहायची, हातांवर टॉवेल टाकायची आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा बोलायची. तोंडं दुसरीकडे. एकानं पावसाचं बोलायचं, दुसऱ्यानं मेहुणीच्या लग्नाचं. चेहऱ्यावर अशी उदासी, की बघणाऱ्याला वाटावं दोघं मयतीला आलेत. आत मात्र बोटांची झोंबाझोंबी चाललेली. शाळेला सुट्टी असली की मी दुकानाच्या पायरीवर बसून हे बघायचो. गोणपाटाचा, काकवीचा आणि माणसांच्या घामाचा मिळून एक वास यायचा. तो वास पुन्हा कुठं आला तर मी आजही जागच्या जागी थांबतो आणि मागून येणारे लोक मला शिव्या देतात.

या व्यवहाराचा एकच कायदा होता. टॉवेलाखाली जे ठरलं ते दोन हातांनाच ठाऊक. ते बाहेर सांगायचं नाही आणि मोडायचं नाही. जो सांगायचा त्याच्या टॉवेलाखाली दुसऱ्या दिवसापासून कुणी हात घालत नसे.

आप्पांच्या पोटात उजवीकडे जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, मग स्कॅन केला आणि लिव्हरमध्ये गाठी निघाल्या. बातमी फुटल्यावर झाडून सगळ्या नातेवाइकांनी फोन केले. पहिलं वाक्य हळहळीचं होतं, दुसरं आवाज खाली करून, "घेत होते का?" आप्पांनी आयुष्यात दारू सोडाच, सोड्याची बाटलीसुद्धा फार आवाज करते म्हणून उघडलेली नव्हती. वैशंपायन बाईंनी समजावून सांगितलं की डायबेटिस असतो, लिव्हरवर चरबी साठते, वर्षानुवर्षं साठून लिव्हर कडक होतं आणि कडक झालेल्या लिव्हरमध्ये असं होऊ शकतं. दारूच लागते असं नाही. तुम्ही गोड फार खाता का?

"खात न्हाई. चाखतो," आप्पा म्हणाले. "रोज सकाळी ढेपंला सुरी लावून. न चाखता भाव कसा बोलणार?"

"किती वर्षं?"

"धंद्यात आल्यापास्नं. पण गुळानं काय होत न्हाई बाई. हे साखरंनं झालं आसंल."

"घरात साखर किती येते?"

"साखर आमच्या घरात येतच न्हाई."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. वादात कुठं थांबायचं हे त्यांना कळत होतं. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं व्हायला तिथून सुरुवात झाली.

टॉवेल पसरण्याआधी बाईंनी कागदावर लिव्हरचं चित्र काढून सगळा बेत समजावून सांगितला होता. ऑपरेशन करण्यासारखी परिस्थिती नव्हती, गाठी एकाहून जास्त होत्या. "पण म्हणून हात टेकायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण एकाच उपायावर विसंबायचं नाही. आधी मांडीतल्या शिरेतून बारीक नळी घालून गाठीपर्यंत जायचं, तिथंच औषध सोडायचं आणि गाठीला रक्त पुरवणारी वाट बुजवून टाकायची. आता वाट बुजवली की गाठ काय करते, तर नव्या रक्तवाहिन्या मागवते. म्हणून त्या होऊ नयेत असं एक औषध सलाइनमधून द्यायचं. आणि त्याच्या जोडीला इम्युनोथेरपी. म्हणजे असं बघा, आपल्या शरीराचे स्वतःचे राखणदार असतात. गाठ त्यांना गुंगवून ठेवते. हे औषध त्यांची गुंगी उतरवतं, मग ते स्वतःच गाठीच्या मागे लागतात."

आप्पांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "म्हंजे त्याच्या दुकानाचा रस्ता बंद करायचा, नवीन रस्ता पाडू द्यायचा न्हाई आणि आपल्या हमालांना उठवायचं."

"अगदी बरोबर."

"आपलं हमाल एवढे दिवस झोपलंतं?"

"झोपले नव्हते. फसवले गेले होते."

"आसलं हमाल म्या पेढीवर ठेवलं नसतं," आप्पा म्हणाले. गाठीचं ऐकून त्यांना वाईट वाटलं नव्हतं इतकं हमालांचं ऐकून वाटलेलं दिसलं. "हे तिन्ही एकदम कशाला? एकेक करून बघूया की."

"एकेकट्यानं जे होतं त्यापेक्षा मिळून जास्त होईल, अशी आशा आहे. ही जोडणी तशी नवीन आहे, अभ्यास अजून चालू आहेत. काहींना चांगला फायदा होतो. काहींना काहीच होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगते."

"आणि मला किती?"

शीतलनं भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये अचानक रस घेतला.

याचं कारण होतं. आदल्या दिवशी शीतल एकटाच बाईंना भेटून आला होता. आप्पांना आकडा सांगू नका, अशी त्यानं त्यांना गळ घातली होती. कारण आप्पांनी घरी जाहीर केलं होतं, "भाव कळल्याबिगर माल उचलणार न्हाई. आणि भाव पटला न्हाई तर घरी बसतो. सुया न्हाईत, नळ्या न्हाईत." शीतलला आप्पा पुरते माहीत होते. आकडा लहान निघाला तर आप्पा बाईंना नमस्कार करून उठतील आणि मग त्यांना ब्रह्मदेव आला तरी त्या खुर्चीत परत बसवू शकणार नाही. आमच्या घरात एकदा फिसकटलेला सौदा पुन्हा जमल्याचं उदाहरण नव्हतं. आणि सौदा फिसकटला तर आप्पा जाणार, एवढं साधं गणित होतं.

"आप्पा, मी नक्की आकडा सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या.

"आमच्या शीतलनं सांगू नका म्हटलंय न्हवं?"

शीतलनं कॅलेंडरचं पान उलटलं.

"बरोबर हाय त्याचं," आप्पा म्हणाले. "आसल्या गोष्टी चारचौघांत तोंडानं सांगायच्या नसत्यात." आणि त्यांनी टॉवेल पसरला.

नाडीचा घोटाळा झाल्यावर त्यांनी बाईंना पद्धत समजावली. आप्पांना मी आयुष्यात कुणाला इतक्या धीरानं काही शिकवताना पाहिलं नव्हतं. मला त्यांनी सायकल शिकवली तेव्हा ढकलून दिलं होतं.

"माझं एक बोट दाबलासा की एक. दोन दाबली की दोन. पंजा धरला की पाच. पाचाच्या वर जायचं आसंल तर पंजा धरायचा, सोडायचा, पुन्यांदा बोटं. ते तुमचं शंभरातली इतकी माणसं, ते नको. मी एक माणूस हाय. मला वर्षं सांगा."

"आणि वर्षं नसतील तर?" हे बाई बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

"तर धरलेलं बोट हलवायचं. म्हंजे महिनं."

"आप्पा, खरंच सांगते, असा आकडा कुणालाच ठाऊक नसतो."

"गुळाचा तरी कुणाला ठाऊक आसतोय? बोलायचा आसतोय."

बाईंनी शीतलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वजनकाट्यावरून खांदे उडवले. पेपरातल्या आठवड्याच्या सदरात जगाला अक्कल शिकवणारा मी, मला त्या क्षणी एवढंच सुचलं. आप्पा माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ह्यो धाकटा. पेपरात लोकांना नावं ठेवतो. त्याचं पैसं देत्यात त्याला." माझ्याकडून त्यांची फार अपेक्षा नसायची आणि त्या दिवशीही मी ती ओलांडली नाही.

बाईंनी हातातलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं, ऑपरेशनला निघाल्यासारखं, आणि हात टॉवेलाखाली घातला. आप्पांनीही घातला.

टॉवेल एकदा वर उचलला गेला आणि खाली बसला. मग काहीच हललं नाही.

आप्पांनी रिवाजाप्रमाणे तोंड खिडकीकडे वळवलं. "पंचगंगंला पाणी वाढालंय म्हणं," ते म्हणाले. चेहऱ्यावर तीच जुनी मयतीची उदासी. बाई टॉवेलाकडे पाहत होत्या, नवखी माणसं पाहतात तशा. आईनं पदर सावरला आणि ती भिंतीवरचं लिव्हरचं रंगीत चित्र वाचू लागली. नवऱ्यानं आपल्यासमोर परक्या बाईचा हात धरावा, हा प्रसंग तिच्यावर पहिल्यांदाच आला होता आणि त्यासाठी लागणारा चेहरा तिच्याकडे तयार नव्हता. शीतल ओठ हलवून काहीतरी मोजत होता. बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती, दोनदा, तीनदा, तो माणूस काही येत नव्हता.

सौद्याला इतका वेळ लागलेला मी बाजारातसुद्धा पाहिला नव्हता.

मग आप्पांनी हात काढला, टॉवेल झटकला, घडी करून खांद्यावर टाकला.

"झाला सौदा," ते म्हणाले. "सही कुठं करायची?"

बाईंनी कागद पुढे केला. आधी दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या शिरा तपासाव्या लागतील, त्या फुगलेल्या असतील तर रक्तस्रावाचा धोका असतो, असं काहीतरी त्या सांगत होत्या. आप्पा मान डोलवत होते. आकडा वर्षांचा होता की महिन्यांचा, मोठा होता की लहान, यातलं काहीही त्या दोन चेहऱ्यांवरून कळत नव्हतं. एक चेहरा पन्नास वर्षांच्या सरावाचा होता आणि दुसरा सगळी बोलणी संपवून पुढचा पेशंट बोलावत होता.

गाडीत शीतलला राहवलं नाही. "आप्पा, किती म्हणाल्या?"

"शीतल, तू गूळ बाजारात जन्मलास," आप्पा म्हणाले, "आणि टॉवेलाखालचं इचारतोस?"

त्यानंतर आमच्या घरात एक नवा उद्योग सुरू झाला. आप्पांच्या वागण्यावरून आकडा ओळखायचा. शीतल यात आघाडीवर होता. त्यानं सांगितलं, टॉवेल वर उचलला गेला तो पाचही बोटांनी, म्हणजे पंजा. पाच वर्षं. मी म्हटलं, पाच महिने कशावरून नाहीत? त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग आप्पांनी नवी कवळी करून घेतली. शीतल हरखला. म्हणाला, दातांवर खर्च करणारा माणूस लवकर जायच्या बेतात नसतो. त्याच आठवड्यात आप्पांनी आपले दोन्ही लोकरी कोट काढून बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, पुजाऱ्याला देऊन टाकले. कवळी आणि कोट यांचा मेळ कुणालाच बसेना. आई या चर्चेत भाग घेत नसे. ती म्हणायची, "कोटाला कसर लागलीती."

उपचार सुरू झाले. नळीचं काम पार पडलं. त्यानंतर ताप आला, उलट्या झाल्या आणि ते होणारच होतं असं बाईंनी सांगितलं. मग थोड्या दिवसांनी सलाइनच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या हॉलमध्ये आरामखुर्च्यांची रांग होती. आप्पांनी तिसऱ्या फेरीपर्यंत त्या हॉलची पेठ करून टाकली. शेजारच्या खुर्चीत गडहिंग्लजचे एक हेडमास्तर असायचे, त्यांना ते चिक्कीचा गूळ आणि रोजचा गूळ यांतला फरक सांगत. हातात सुई, वर दोन बाटल्या टांगलेल्या, आणि आप्पा म्हणताहेत, "केमिकल मारलेला गूळ पिवळा दिसतोय मास्तर. रंगाला भुलू नका." मास्तर म्हणत, "आता कशाला भुलायची सोय राहिलीय आप्पा?" आणि दोघं हसत. मी शेजारी बसून सदर लिहायचा प्रयत्न करायचो. माझ्या विनोदाला तिथं फार स्पर्धा होती.

एकदा आप्पांनी बाईंना विचारलं, "हमाल उठलं हे बरं झालं. पण उठल्यावर कुणाच्या दुकानात शिरायचं, हे त्यास्नी कोण सांगणार?"

बाई म्हणाल्या, "तोच तर या औषधाचा मोठा प्रश्न आहे."

आणि पुढच्या महिन्यात नेमकं तेच झालं. आप्पांच्या पाठीवर, दंडांवर लाल चट्टे उठले, अंग खाजून खाजून रक्त यायला लागलं. थायरॉइड मंदावला. मग रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे चढले. राखणदार जागे झाले होते आणि जो दिसेल त्याला बडवत सुटले होते. बाईंनी इम्युनोथेरपी थांबवली, चढलेले राखणदार शांत करायला स्टेरॉइड सुरू केलं आणि सांगितलं की आकडे उतरले तर पुन्हा चालू करायचा विचार करू, उतरले नाहीत तर हा रस्ता बंद.

घरात शीतलचा धीर सुटला. "बंद करूया आप्पा. नको हे. बघवत नाही."

आप्पा पालथे पडून होते, आई पाठीला मलम लावत होती. उशीत तोंड असल्यामुळे आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला. "सौदा झालाय."

"सौदा मोडला तर बाई काय कोर्टात जाणार आहेत का?"

"त्या न्हाई जाणार. मी कुठं जायाचं?"

मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला जे कळलंय ते आम्हाला कळलं, तर आम्हाला पण धीर येईल." एवढं सरळ वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोललो असेन.

आप्पांनी मान वळवून एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुला पेपरात छापायचं आसंल," ते म्हणाले आणि पुन्हा उशीत गेले.

आकडे उतरले. हळूहळू, आमचा अंत पाहत, पण उतरले. बाईंनी विचार करून, दोन ठिकाणी फोन करून, औषध पुन्हा सुरू केलं. या खेपेला राखणदार पत्ता न चुकता गेले. पुढच्या स्कॅनच्या वेळी आम्ही पुन्हा त्याच केबिनमध्ये होतो, त्याच खुर्च्यांवर, मी काट्यावर. बाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. आधीची गाठ लिंबाएवढी दिसत होती, आताची शेंगदाण्याएवढी. बाकीच्या शोधाव्या लागत होत्या.

शीतल रडला. आई पडद्याला हात जोडत होती, ते काढून घ्यावेत की नाही हे तिला कळत नव्हतं. आप्पांनी चष्मा पुसून चित्र पाहिलं. "माल घटला," ते म्हणाले. बाजारात हे वाक्य इतक्या समाधानानं कुणी उच्चारलं नसेल.

त्यानंतर आप्पा जगले. किती, ते मी मुद्दाम सांगत नाही. टॉवेलाखालची रीत थोडी मलाही चिकटली आहे. शीतलच्या मुलीच्या लग्नात पुरणाच्या गुळावरून ते आचाऱ्याशी भांडले, त्याला बाजूला सारून स्वतः कढईसमोर बसले आणि पुरण बिघडवलं. हेडमास्तर आधी गेले. त्यांच्या घरी भेटायला जाताना आप्पा गुळाची भेली घेऊन गेले, मयताच्या घरी गोड नेतात का, असं आईनं विचारल्यावर म्हणाले, "त्यो गूळ मास्तरला बघायचा होता." पुढं कधीतरी गाठींनी नवीन जागा शोधली, औषधांनी ऐकायचं बंद केलं आणि एका दुपारी, आम्ही सगळे घरात असताना, आप्पा गेले.

शोकसभेत शीतलनं भाषण केलं. त्यात त्यानं सांगितलं की डॉक्टरांनी आप्पांना टॉवेलाखाली एक आकडा दिला होता आणि आप्पा तो ओलांडून जगले. लोकांना ते फार आवडलं. तो आकडा कोणता, हे शीतल आता ठामपणे सांगतो. मधल्या काळात तो दोनदा बदलला आहे, पण ठामपणा तोच आहे.

वर्षभरानं मी वैशंपायन बाईंकडे गेलो, ते माझ्या कामासाठी. माझ्या लिव्हरवर चरबी निघाली होती आणि लिव्हरच्या डॉक्टर आम्हाला त्याच ठाऊक. वारसा म्हणून पेढी शीतलकडे गेली, मला हे मिळालं. बाईंनी रिपोर्ट पाहिला, चालायला सांगितलं, गोड बंद म्हणाल्या. मी खुर्चीत बसलो होतो. आता खुर्च्या रिकाम्या होत्या.

उठता उठता मी म्हटलं, "डॉक्टर, आता आप्पा नाहीत. एक विचारू?"

"आकडा?"

"शीतल म्हणतो पंजा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"ठरलं होतं ते ज्याच्याशी, तो गेला."

"तुमच्यात चालतं असं?"

"नाही चालत," मी म्हटलं. खोटं बोलायचं सुचलं नाही.

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मी ठरवलं होतं, दोन बोटं दाबायची. खरं तर तेवढीसुद्धा खात्री नव्हती, पण दोन. म्हटलं, खोटं नको आणि खचवायलाही नको. मी हात आत घातला. त्यांनी तो धरला."

"मग?"

"धरला तो धरलाच. माझी सगळी बोटं एकत्र करून मुठीत घेतली. मी दाबायला गेले, तर बोट हलवूच देईनात. मला वाटलं ही काही पद्धत असेल, आधी असं करायचं असेल. परत प्रयत्न केला. त्यांनी आणखी घट्ट धरलं. वर नदीचं काहीतरी बोलत होते."

"पंचगंगेला पाणी वाढलंय."

"हो." बाईंनी टेबलावरच्या त्याच जागेकडे पाहिलं. "बराच वेळ तसे बसलो. मग त्यांनी सोडला आणि म्हणाले, सौदा झाला. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगूच दिलं नाही."

बाहेर नर्सनं पुढचं नाव पुकारलं. मी रिपोर्ट घेऊन निघालो आणि ठरवलं की शीतलला यातलं काही कळू द्यायचं नाही. त्याच्याकडे एक आकडा आहे आणि तो त्यावर सुखी आहे. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. घरी आई शेंगा फोडत बसली होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. आयुष्यभर भाव विचारल्याशिवाय काडीसुद्धा न घेणाऱ्या माणसानं तेवढ्या एका वेळी भाव न विचारता माल उचलला, आणि वर आम्हाला बनवलं.

आई शेंगा फोडतच राहिली. "त्यात काय सांगालास? मला त्याच दिवशी कळलंतं."

"कसं काय?"

"सौदा झाला की तुझ्या आप्पांचं जेवताना तोंड बंद नसायचं. एवढ्यात सोडायला नको होतं, आणि ताणायला पायजे होतं, हात धुवंस्तोवर तेच. त्या दिवशी गुमान जेवले. आणि मला म्हणाले, आमटी चांगली झालीया." हातातली शेंग तशीच राहिली. "लगीन झाल्यापास्नं आमटीला कधी चांगली म्हटलं न्हवतं त्यांनी. मी वळखलं, माणूस भ्यालाय."

"मग तू काय केलंस?"

"काय करायचं," आई म्हणाली. "आणि एक वाटी वाढली."